चष्म्यांची पिशवी

रहाड उघडल्याचं आजोबांना वासावरून कळायचं.
वर्षभर दबून बसलेली माती, ओल्या लाकडाच्या फळ्या,
तो वास तांबट आळीतून आपल्या जिन्यापर्यंत येतो, म्हणायचे.
आम्हाला कधी आला नाही.
आम्हाला यायचा तो मिसळीच्या रश्श्याचा.

ऐकू तसंही येत नव्हतं त्यांना.
पन्नास वर्षं हंड्यांची बुडं ठोकता ठोकता
दोन्ही कान ऐरणीवरच ठेवून आले होते.
ढोल लागले की खुर्चीच्या हातावर तळवा टेकवायचे
आणि म्हणायचे, "हं. यंदा पोरं बरी वाजवतायत."

यंदा रंगपंचमी शनिवारी, म्हणून सगळेच आले.
पिंपरीहून शिरीषमामा, कल्याणहून वैजूमावशी,
सटाण्याचे पाहुणे द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन.
दोन खोल्या, एकोणीस माणसं, एक मोरी.
रडायचं कुणाच्या मनात असलंच
तर ते नंबर लावण्यात राहून गेलं.

चौकात पिवळं पाणी वाफाळत होतं.
फुलं रात्रभर उकळलेली, पूजा झालेली,
काठावर उघडी पोरं, एकमेकांच्या खांद्यावर हात.
यात बुडी मारली की उन्हाळा बाधत नाही,
असं इथे सगळे म्हणतात
आणि मे महिन्यात सगळेच कूलर लावतात.

मामा पुढे झाला. शर्ट काढला. चष्मा काढला.
आणि तसाच थांबला, हात पुढे करून.
त्याच्या मागे सुहृद, त्याच्याही हातात चष्मा.
मावशीचे यजमान, घड्याळ आणि गाडीची किल्ली.
सगळ्यांचे हात एकाच बाजूला वळलेले,
मेडिकलच्या पायरीकडे,
जिथे आजोबांची निळी प्लास्टिकची खुर्ची असायची
आणि खुर्चीत आजोबा,
मांडीवर साडीच्या दुकानाची ती कापडी पिशवी
तोंड उघडून धरलेले.

एकाहत्तराव्या वर्षापर्यंत तेही उडी मारत.
मग डॉक्टर नको म्हणाले, तेव्हा कुरकुर न करता
त्यांनी ही नोकरी धरली.
प्रत्येक चष्मा धोतराच्या टोकाने पुसून आत,
आणि परत देताना चूक एकदाही नाही.
"तुझा नंबर वाढलाय," असंही सांगायचे
काचेतून रहाडीकडे बघून.

मेडिकलवाल्याने पायरीवर
पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचले होते.
त्याचं तरी काय चुकलं.

मी जिना चढून वर गेले.
आजी वाटाणे सोलत होती. विचारलं नाही काही.
दारामागच्या खिळ्याकडे फक्त मान हलवली.
पिशवी तिने धुतली नव्हती.
तळाशी गेल्या वर्षीचा पिवळा डाग, वाळून कडक झालेला,
एक खडीसाखरेचा खडा,
आणि एक छोटी पितळी किल्ली, दोऱ्यात ओवलेली.

खाली येऊन मी पिशवीचं तोंड उघडलं.
चष्मे पडत गेले, एकावर एक, खळ् खळ्.
मग धप्पा!
मामा गेला, सुहृद गेला, पाणी दोन पुरुष उंच उडालं
आणि माझ्या तोंडावर आलं, कोमट, थोडं कडू.
मी पुसलं नाही. हात मोकळे नव्हते.

परत देताना तीन चुका केल्या.
मावशीच्या यजमानांनी घरापर्यंत
सुहृदच्या चष्म्यातून नाशिक पाहिलं,
बरं दिसतं म्हणाले.

रात्री किल्लीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.
अकरा अंगठे आले. किल्ली कुणाचीच नाही.
रविवारी सगळे पांगले, पिवळे कान घेऊन.
सोमवारी फळ्या बसल्या, वर माती,
मातीवरून पहिली रिक्षा गेली शाळेच्या पोरांची,
आणि चौक जरासा पोकळ वाजला.

आजी म्हणाली, "ठेव ती पिशवीतच.
कुणाची असेल तर पुढच्या वर्षी मागेल."
मग वाटाण्याची सालं गोळा करत,
"आणि नीट पुसून देत जा गं.
ते पुसून द्यायचे."